माठाशेजारचा डबा

भुसावळात एप्रिलमध्ये पत्रा बोलायला लागतो.
दुपारी दोनला त्याच्याखाली
मेणबत्ती उभी राहत नाही, माणूस कसा राहील.
पहिल्याच वर्षी माझी तीनशे पाकिटं
कपाटात तापून वाया गेली.
एक तर फाटलंच, वनमालाच्या वेळी.

तेव्हापासून डबा माठाशेजारी,
ओल्या गोणपाटावर,
मनुदेवीच्या फोटोला लागून.
बायका म्हणाल्या, देवीजवळ हे?
मी म्हटलं, तिलाही उकडतं,
अन् खोलीत दुसरी थंड जागा नाही.

मला लिहिता येत नाही. वहीत चित्रं काढते.
बांगडी म्हणजे नजमा.
केळीचं पान म्हणजे देवका, सावद्याची.
विझलेला दिवा म्हणजे तपासणी चुकवली.
देवकाच्या पानाखाली तीन दिवे विझलेले,
म्हणून हाताला धरून नेली.

केसपेपरवाला विचारतो, नवऱ्याचं नाव?
देवका म्हणते, कोणत्या वाराचं?
रांगेत कुणी हसत नाही. मी हसते.

फोड दुखत नव्हता, म्हणून बोलली नव्हती.
न दुखणारंच वाईट, किती वेळा सांगितलंय,
दुखलं की तुम्ही येताच.
सिस्टरनं पडदा ओढला. रक्त, मग जाड सुई.
बाहेर बाकावर मी विचारलं,
तू तर पाकिटाशिवाय कुणाला हात लावू देत नाहीस?
ती नखानं बाकाचा रंग खरवडत राहिली.
"गिऱ्हाइकाले नाही देत व अक्का."

मग कोण, ते कळलं.
केळी भरून दिल्लीला जाणारा सुकलाल,
येताना आग्र्याचा पेठा आणणारा,
तिच्या हातची कळण्याची भाकरी
ठेच्यासंगे बोटं चाटून खाणारा.
"त्याच्याशीबी पाकीट,
तं मंग तो कोण राहिला?"

प्रशिक्षणात लाकडी नमुना होता,
तक्ते होते, दोन वेळा चहा होता.
याचं उत्तर नव्हतं.
माझाही एक होता.
रात्री नऊला मी गोळी घेते
ती त्याचीच मागे राहिलेली वस्तू.
हे तिला सांगितलं. आजवर कुणालाच नव्हतं.

सुकलाल ग्वाल्हेरच्या पुढे कुठेतरी आहे.
फोनवर म्हणतो, मले काय झालंय?
सिस्टर म्हणते, त्यालाही सुई, नाहीतर पुन्हा तेच.

संध्याकाळी देवका पेठ्याचा रिकामा खोका घेऊन आली.
माझ्या डब्यातली वीस मोजली, पुन्हा मोजली.
मी विचारलं, त्याच्यासाठी?
"आधी सुई," ती म्हणाली.
"मंग पाहू, कोण राह्यतो तो."