आधी वरचं बूच

आयर्विनला पाणी अडतीस फुटांवर आलं
त्या सकाळी ओमनीच्या सीटखाली
मला एक गोगलगाय सापडली.
मागच्या काचेवरची 'शालेय वाहतूक' ही अक्षरं तेवढी शाबूत,
बाकी सगळ्यावर एकाच रंगाचा लेप.

"चावी फिरवू नकोस," दस्तगीर शिकलगार फोनवर म्हणाले,
"आत तेल आहे का नदी, ते आधी बघ."

त्यांच्या दारात अठ्ठावीस गाड्या,
आणि त्यांचं स्वतःचं गॅरेजही बुडून वर आलेलं.
पाने, पकडी, सॉकेट, सगळं डिझेलात धुऊन
गोणपाटावर उन्हात घातलेलं, सांडगे घालावेत तसं.
"तुझा नंबर यायला गणपती उजाडतील, कुमुद.
घरीच कर. हत्यारं देतो."

सतराचा रिंगपाना दिला. "फिक्स नको,
फिक्स डोकं खातो, बोल्टचं आणि आपलं."
चौकोनी तोंडाची चावी, गिअरबॉक्सच्या बुचाला.
फिल्टर काढायचा पट्टा; घसरला तर आतून पॉलिश पेपर.
हातपंप, कारण नव्वद नंबरचं ऑइल
काकवीसारखं, नरसाळ्याला जुमानत नाही.
तांब्याच्या वायसरी, कागदाच्या पुडीत:
"जुन्याच लावल्यास तर
थेंबाथेंबाला माझी आठवण काढशील."
जॅक दिला आणि म्हणाले, याच्यावर विश्वास ठेवू नकोस.
घोड्या लाव. मग गाडी हलवून बघ.
हलली तर खाली शिरायचं नाही.

पिशवी उचलली तेव्हा, पाठमोरे:
"आणि आधी वरचं बूच. भरायचं.
ते सुटलं तरच खालचं सोड.
नाहीतर सगळं सांडून बसशील,
अन् भरायला तोंडच नाही."

परात घेतली. आहेरातली, नाव कोरलेली.
पुरात तिला पोचा आलाच होता.
सन्मती दहावीत; मोबाईलचा उजेड
बुचावर कमी, माझ्या डोळ्यांत जास्त.
गिअरबॉक्सचं बूच सुटलं.
मागच्या हौसिंगचं नाही.
पान्याला पाईप लावला. नाही.
रॉकेल सोडून चहा केला. नाही.
खालचं, निचऱ्याचं,
नुसत्या बोटांनी सुटेल असं समोर.

कॅम्पात, शाळेच्या सातवी ब मध्ये,
एक बाई फॉर्म घेऊन आल्या होत्या.
ताई, मन मोकळं करा, म्हणाल्या.
नंतर, मी म्हटलं.
त्यांनी रकान्यात काहीतरी लिहिलं.

दिवेलागणीला ते कटकन बोललं.
आधी वाटलं, पाना तुटला.

मग खालचं.
पाणी जड; तेलाच्या तळाशी जाऊन
मुक्काम करून बसलेलं.
पहिल्यांदा पेलाभर कृष्णा आली परातीत,
गढूळ, थंड, घाई नसलेली.
तिच्यामागून मठ्ठा. पांढुरका, फेसाळ.
तेल होतं म्हणे ते कधी.
"आई, हे सगळं आत फिरणार होतं?"
होतं. चावी फिरवली असती तर.

नवं भरताना हात दुखून आला,
भोकातून ओघळ बाहेर आला, तेव्हा थांबले.
इंजिनची कांडी सन्मतीच्या
भिजून फुगलेल्या भूगोलाच्या वहीवर पुसली:
महाराष्ट्रातील नद्या, पान अकरा,
त्यावर सोनेरी, सरळ रेघ.
जुनं सगळं डब्यांत भरून ठेवलंय.
गटारीत ओतलं तर
पुढच्या वेळी पत्ता शोधत येईल.

प्लग पुसले. चावी फिरवली.
ती दोनदा खोकली, तिसऱ्यांदा लागली.
शंभर किलोमीटरनं हेच सगळं पुन्हा करायचंय,
म्हणून एक वायसर अजून पर्समध्ये,
सुट्ट्या पैशांत; परवा दूधवाल्याला देता देता राहिली.

सोमवारी साडेसहाला रेहानच्या दारात हॉर्न दिला.
चढता चढता त्यानं नाक धरलं:
काकू, कशाचा वास येतोय?
नव्या तेलाचा, म्हटलं.
बस. खिडकी उघड.