वहीतलं सत्तावन्नावं नाव

जांभळी नाक्यावर नेणशीभाईच्या दुकानावर धाड पडली
तेव्हा त्यांनी उचलून नेली
तीन पोती रिसीव्हर, एक लॅपटॉप
आणि लाल बांधणीची उधारीची वही.
वहीत सत्तावन्नावा मी:
मढवी, ऐरोली, डबा एक, बाकी तीनशे.

बाकी मी पुढच्याच महिन्यात दिली होती.
ओळ खोडायची तेवढी राहिली.

नोटीस अकरा पानी, इंग्रजीत.
मुलीनं वाचून दाखवली.
मी म्हणे कंपनीच्या वाहिन्या फुकट पाहिल्या,
कुलपं फोडली.
कुलपं!
अहो, मी तर उघडी दारं शोधत
वीस वर्षं गच्चीवर काळा पडलो.
फ्री टू एअर. ज्याला कडी नाही तेवढंच.

सहा फुटी जाळीची डिश, तेरा नंबरचा पाना,
गवंडी मेव्हण्याचा ओळंबा.
एकशे पाच अंश पूर्व. केसभर डावीकडे.
आता अर्धा केस मागे.
जिन्यातून बायको ओरडायची,
'चाळीस... अठ्ठेचाळीस... गेला!
बाहत्तर, बाहत्तर, हात काढ!'
मी श्वास धरून नट आवळायचो.

आणि मग काय दिसायचं?
कुठल्याशा गवताळ देशातली कुस्ती.
उणे तीसचं हवामान हसत सांगणारी बाई.
सामन्याच्या तीन तास आधीचं मैदान,
त्यात एकटा माळी, दोरी ताणत.
बातम्या सुरू व्हायच्या आधीचा निवेदक,
दातातलं काही नखानं काढणारा,
कुणी बघत नाही या खात्रीनं
मोठ्ठी जांभई देणारा.
मी बघत होतो, ऐरोलीतून.

ठाणे कोर्टात त्यांच्या वकिलानं विचारलं,
'भाषा कळत नाही, मग बघता कशासाठी?'
बाप रात्री खाडीत जाळं लावून बसायचा.
लांब पलीकडे दिवा दिसला की म्हणायचा,
'कोन तरी जागा हाय तिकरं.'
तेवढ्यावर त्याची रात्र निघायची.
हे कोर्टात कसं सांगणार?
मी म्हणालो, 'सवय.'

डबा तोच, हे खरं.
त्यात चोरीचं कार्ड घातलं तर चोराचा,
नाही घातलं तर माझा.
बायको मागच्या बाकावरून म्हणाली,
'कोयता घरान हाय, म्हून कोनाची मान कापली का?'
शिपायानं तिला गप्प केलं.

आमचे वकील म्हणाले, जिंकाल.
सात-आठ वर्षांत.
किंवा चाळीस हजार, आणि आजच मोकळे.
मुलीचा पासपोर्ट अडला होता.
कागदावर छापलेलं होतं, 'चूक मान्य.'
कुठली चूक, ते लिहायला
जागा ठेवलेली नव्हती.
सही केली.

दिघ्याचा इस्माईल रात्री दीडला फोन करायचा,
'चार हजार तीसवर काहीतरी आलंय, व्हर्टिकल, पळ!'
आणि आम्ही दोघं दोन गच्च्यांवर
लुंगी सावरत पळायचो.
तो वहीत एकशे चौथा.
आता फक्त ईदला फोन येतो, तब्येतीचं बोलतो.
नेरूळच्या कुट्टप्पननं डिशची मोटर भंगारात दिली.
कळव्याच्या वर्तकांचं तर वहीत नावच नव्हतं,
त्यांनी एका रात्रीत डिश कापून
खाडीत बुडवली.
आणि जे खरोखर चोरायचे,
ते आता इंटरनेटवरून विकतात, म्हणे.
त्यांची वही कुणाला सापडत नाही.

माझ्या डिशवर बायको सोडे सुकवते.
जाळी चांगली, वारा खालूनही लागतो.
त्यासाठी तोंड सरळ वर करून ठेवलंय,
बरोब्बर डोक्यावर,
जिथं आमच्या गावातून पाहिलं तर
एकही उपग्रह नाही.

एलएनबी मात्र काढलेली नाही.
कुणी विचारलं तर सांगतो,
कावळे बुजतात.