केबिन क्रमांक चार

घणसोलीत, सेक्टर सातमध्ये, रात्री साडेदहाला
आम्ही तिघं एका फोनवर वाकून डोंगर निवडतोय.
प्रांजलला बर्फ हवा.
मला कुणी हाक न मारलेल्या चार सकाळी.
अप्पांना काय हवंय ते अजून त्यांनी सांगितलेलं नाही.
चष्मा कपाळावर सरकवून ते फोटो
बोटांनी मोठा करतात, आणखी मोठा,
इतका की देवदाराचं नुसतं हिरवं पीठ उरतं.

केबिन एक. काचेची भिंत, पलंगावरून शिखर,
रात्रीचे साडेनऊ हजार.
"एवढ्यासाठी तेव्हा," अप्पा म्हणतात,
"सगळ्या घराने सहा महिने खडी फोडली असती."
केबिन दोन नदीकाठी. पाण्याचा आवाज फार,
झोप लागत नाही, असं कुणीतरी लिहिलंय.
त्याचं अप्पांना काही नाही. डावा कान
तुर्भ्याच्या खाणीतच राहिला, उजवा निम्मा.
केबिन तीनला एकशे दहा पायऱ्या.
तिला गुडघ्यांनीच नाही म्हटलं,
आम्हाला तोंड उघडावं लागलं नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो,
म्हणजे उरलाय तेवढा.
माथ्यावर हिरवा, पोटाशी उघडा काळा,
कुणी चावा घेऊन ठेवून दिल्यासारखा.
दुपारी दोनला भोंगा व्हायचा. लाल फडकं वर जायचं.
आई भाताच्या टोपावरचं झाकण हाताने दाबून धरायची
आणि मी बारीक आवाजात पाढे म्हणायचे.
साताच्या पाढ्याशी जमीन दचकायची.
मग धूळ.
धूळ बसली की मुकादम नावं घ्यायचा.
एका मंगळवारी एक नाव जास्तीचं निघालं, ओ द्यायला माणूस नव्हता.
दुर्गाप्पाकाकाबद्दल आमच्याकडे बोलत नाहीत.

बाकीचा डोंगर इथेच आहे.
या ओट्याखाली, जिन्यात, स्लॅबमध्ये,
खालच्या रस्त्यात, ज्यावर प्रांजल सायकल शिकली.
मी सातव्या मजल्यावर राहते
म्हणजे बहुतेक डोंगराच्या आतच.

केबिन चार. मागची, स्वस्त.
"येथून शिखर दिसत नाही", प्रामाणिकपणे लिहिलेलं.
खिडकीसमोर हातभर अंतरावर दगडी बांध.
मी पुढे सरकवणार, तर अप्पांनी मनगट धरलं.
थांब.
"सिमेंट नाही यात. बघ.
दगड जसा निघाला तसा बसवलाय,
एकाचा पोक दुसऱ्याच्या खळग्यात.
छिन्नी लावलीच असेल तर इथे, या कोपऱ्यात."
मग विचारलं, "कोण असेल हा माणूस?"
फोटोखाली मालकाचं नाव होतं, नाश्त्याची वेळ होती,
कुत्र्याचंसुद्धा नाव होतं.

"भिंत बघायला कुणी हिमाचलात जातं का, आजोबा?"
प्रांजल हसली. तेही हसले, उशिरा,
उजव्या कानापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या.
"अख्ख्या डोंगरापुढे बसलो ना,
की हे हात आपोआप हिशेब करायला लागतात.
भोक कुठे पाडायचं. कुठून सुटेल."

मी काही बोलले नाही.
मला शिखर हवं होतं, खरं सांगते,
पलंगावरून, हातात चहा, पायांवर रजई,
आणि कुठलाच हिशेब नको.
तीन रात्री चारमध्ये, एक रात्र एकमध्ये,
अशी तडजोड केली आणि कुणाला न विचारता पैसे भरले.
ओटीपी आला. पाठोपाठ निरोप.
तो मी त्यांच्या उजव्या कानाशी मोठ्याने वाचला:
केबिनचा ताबा दुपारी दोन वाजता मिळेल.

अप्पांनी कपाळावरचा चष्मा काढून
सदऱ्याच्या टोकाने पुसला, डावी काच, उजवी काच.
"दोनला नको," म्हणाले. "तीनला जाऊ.
धूळ बसू दे."