दुसऱ्या विंगचं पाणी

“गुलाब हसुराम म्हात्रे,” नर्सनं हाक मारली,
रेशनच्या दुकानात मारतात तशी.

डाव्या कुशीवर वळा, मावशी.
पोरगी नवीन होती. गाऊन बाजूला सारला
आणि तिचा हात मध्येच थबकला.
मी म्हटलं, लाव गं जेल.
पहिल्या एकोला थान वर धरावं लागलं होतं,
आता यंत्र थेट बरगडीवर,
बरगडीखाली तो.
मध्ये कुणी नाही.

पडद्यावर झडप हलत होती.
आमच्या खारबांधाला उघाडी होती,
भरतीला आपोआप मिटायची,
ओहोटीला उघडायची.
मी तेच बघत राहिले.
पोरगी म्हणाली, झडपा चांगल्या आहेत.
भिंत थकलीय.

बेचाळीस, तिनं लिहिलं.
औषध सुरू व्हायच्या आधी बासष्ट होते.
शंभर कुणाचेच नसतात म्हणे.
बेचाळिसात तर पोरं पास होतात, मी म्हटलं.
कुणी हसलं नाही.

ते लाल औषध.
कोकमाच्या सरबताच्या रंगाचं,
सिस्टर हातानं हळूहळू ढकलायची
आणि माझ्या तोंडात बर्फाचा खडा.
पहिल्या दिवशी मोरीत लाल धार बघून
मी सुनेला ओरडून बोलावलं.
चार खेपा.
त्यानं गाठीचं घर जाळलं.
शेजारी कोण राहतं
हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

नाही, विचारलं होतं. खोटं कशाला बोलू?
कागदावर ओळ होती, सुनेनं वाचून दाखवली,
हृदयावर परिणाम होऊ शकतो.
मी म्हटलं, आधी जगू तर दे.
सही माझीच आहे, वाकडी.
आज पुन्हा कागद पुढे केला
तर पुन्हा करेन.
जरा थांबून करेन.

मीठ कमी, डॉक्टर म्हणाले.
सुकट बंद, बोंबील बंद, पापड बंद.
माझ्या आज्यानं घणसोलीच्या आगरात
मीठ ओढून ओढून तळवे फोडून घेतले,
आमच्या जातीचं नावच त्या आगरावरून,
आणि मला दिवसाला एक चमचा, तोही सपाट.
संध्याकाळी पाय सुजतात.
बोट दाबलं की खळगा राहतो,
बराच वेळ राहतो.
सकाळी उठून आधी वजनकाट्यावर चढायचं,
आकडा कॅलेंडरवर लिहायचा,
दुधाच्या हिशेबाखाली.

डॉक्टरांनी हसुरामला समजावलं,
हृदय म्हणजे पंप.
हा बत्तीस वर्षं कोपरखैरण्याच्या सोसायटीत
पंपच चालवतो.
त्यानं विचारलं, “कॉइल जळली का बेअरिंग गेलं?”
डॉक्टर चष्मा पुसायला लागले.
मग म्हणाले, लोड कमी करा. गोळ्यांनी थोडं भरूनही येतं.
“थोडं म्हंजे किती?”
ते सांगता येत नाही.
हसुराम मान हलवत राहिला.
त्यालाही लोक रोज हेच विचारतात,
पाणी कधी येणार,
आणि तोही हेच सांगतो.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, घर तिसऱ्यावर.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर
त्यानं पंपरूममधली निळी खुर्ची आणून ठेवली,
कुणी उचलू नये म्हणून कठड्याला तारेनं बांधली.
मी तिथं बसते.
समोरच्या दारातून फोडणीचा वास येतो,
आणि कुणाच्या घरात मीठ किती
हे मला आता वासावरून कळतं.

रात्री तीन उशा. सपाट झोपले
की छातीत पाणी चढल्यासारखं होतं.
पहाटे पाचला उठतो तो,
मोटार सुरू करायला.
जायच्या आधी माझ्या डाव्या बाजूला,
जिथं आता टाक्यांची नुसती रेघ आहे,
कान लावतो.
लग्नाला चाळीस वर्षं झाली,
असा कधी टेकला नव्हता.
“काय ऐकतोस?”
“हवा धरलीय का बगतो.”
“धरलीय?”
बराच वेळ बोलत नाही.
त्याचे केस नाकाला टोचतात,
ग्रीसचा वास येतो.
“चालू हाय,” म्हणतो.

मग ऊठ आता, मी म्हणते.
दुसऱ्या विंगचं पाणी सोड.