जाती, आणि पुढे टिंब

सोहार बंदरावर, क्वारंटाइनच्या लॅबमध्ये
रात्री दीड वाजता काहीतरी टिकटिकलं.
मी आधी एसी बंद केला, मग फ्रीज,
मग मनगटावरचं घड्याळ काढून खणात टाकलं.
टिक. टिक-टिक. टिक.
कुणी काडेपेटीवर नख वाजवावं तसं.

कोचीहून आलेला कंटेनर, सहाशे कुंड्या,
मस्कतच्या कुठल्याशा हॉटेलच्या लॉबीसाठी.
चारशे बाराव्या कुंडीत, देठाच्या बेचक्यात
तो बसला होता, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा,
ओल्या सुपारीच्या रंगाचा.
गळ्याची पिशवी फुगली की
पिशवीच बसलीये असं वाटायचं.
बाहेर जून, रात्रीसुद्धा अडतीस अंश,
क्रेनचे दिवे धुळीत पिवळे पडलेले.
आमच्याकडे ह्याला बेबो म्हणतात, मी म्हणालो.
कुणाला नाही, असंच.

सकाळी डॉक्टर इश्राका आल्या, खार्तूमच्या,
चष्म्यावर भिंग लावून बघणाऱ्या.
बोटांच्या टोकांना चकत्या. पडदा नावापुरता.
टाळूला दात नाहीत.
त्या सांगत गेल्या, मी फॉर्म भरत गेलो
आणि कडेला बारीक अक्षरात मराठीही,
नववीत पाठ केलेल्या क्रमानं:
सृष्टी प्राणी. संघ रज्जुमान. वर्ग उभयचर.
गण
इथे पेन अडलं. गण म्हटलं की मला
देव, मनुष्य, राक्षस एवढंच आठवतं,
आणि बहिणीची पत्रिका पिशवीत घालून
गावोगाव फिरणारे तात्या.
ह्याचा गण अनुरा. म्हणजे बिनशेपटीचा.
कुल झाडबेडकांचं.
प्रजाती राओर्केस्टिस, हे त्यांनी दोनदा सांगितलं.
जाती?
डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं.
एस, पी, आणि टिंब. असं लिही.

मी लिहिलं.
तीन वर्षं एका खिडकीपुढे उभा होतो मी,
पणजोबांचा शाळेचा दाखला घेऊन.
वाळवीनं सगळा कागद सोडून
नेमका तोच रकाना खाल्लेला.
साहेब म्हणायचे, पुरावा आणा.
वाळवी कुठून आणू?
पडताळणी झाली नाही, जागा दुसऱ्याला गेली,
मी इकडे आलो.
परुळेकर म्हणजे परुळ्याचा, त्यातून एवढंच कळतं.
आणि अरबीत प नाही,
म्हणून इथे मी बरुळेकर.

नियम असा की बाहेरचा जीव सापडला
तर त्याच दिवशी भट्टी.
खलफान शिक्का घेऊन आला. फॉर्म वाचला.
टिंबावर बोट ठेवलं.
ह्याचं नाव अपुरं आहे.
तेवढंच कळलंय, डॉक्टर म्हणाल्या.
अपुऱ्या नावावर मी शिक्का मारत नाही,
म्हणाला, आणि खजूर खायला निघून गेला.
फार कडक माणूस. सगळं बंदर त्याला घाबरतं.

अंडी दुपारी दिसली, पानाच्या खालच्या अंगाला,
अकरा, साबुदाण्यासारखी.
भिंगाखाली प्रत्येकात एक अख्खा बेबो, पाय दुमडून.
ह्यांना पाण्यातलं, शेपटीचं बालपण नसतंच, डॉक्टर म्हणाल्या,
आतल्या आत सगळं उरकून बाहेर येतात.
पण फॉर्मवर मी संख्या लिहून बसलो होतो: एक.
खाडाखोड चालत नाही.
त्यांनी फॉर्मकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि फॉर्म फायलीत सरकवला.

बंगळुरूच्या तज्ज्ञांना आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय.
उत्तराची घाई कुणालाच नाही.
दर दोन तासांनी मी काचेच्या पेटीत फवारा मारतो,
काट्याकडे बघतो, ऐंशीच्या खाली जाऊ देत नाही.
चहाच्या वेळी खलफान येतो,
दिशदाशा सावरून काचेपाशी वाकतो
आणि विचारतो, आज बोलला का बेबो?
बे. बो.
दोन्ही अक्षरं त्याला स्वच्छ येतात.