साधा मजकूर

कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस,
खाली झेरॉक्सवाला.
एका पतसंस्थेचं अ‍ॅप, आणि चाचणीला
पन्नास खातेदार, खरेखुरे.
रात्री पावणेबाराला, पाइपाला कान लावावा तसा
मी नेटवर्कला कान लावला
आणि पैसे बोलायला लागले.

नाव. खाते क्रमांक. रक्कम. पिन.
पिनसुद्धा!
चार आकडे, उघडेवाघडे,
नळाखाली बसवलेल्या पोरांसारखे.

सकाळी लहामगे सर म्हणाले,
"चालतंय ना? मग झालं तर.
कुलपाचं नंतर बघू, आधी सिन्नर शाखेचा डेमो."
'नंतर बघू' हा आमच्या धंद्यातला
सगळ्यात जुना फोल्डर.

माझे वडील एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
रोज सुटताना दोन्ही हात वर.
डबा उघडून दाखवायचा: झाकण वेगळं, वाटी वेगळी,
लोणच्याची पुडीसुद्धा सोडून.
"विश्वास नाही का त्यांचा तुमच्यावर?"
पाचवीत होते मी.
म्हणाले, "झडती झाली की मला झोप लागते."
एवढंच. छपाईबद्दल घरात कधी अक्षर नाही.

"सर, तुमचे वडील घोटीच्या बैलबाजारात दलाल होते ना?"
"मग?"
"भाव कसा ठरवायचे?"
सरांचा हात आपोआप पुढे आला,
वर नसलेला रुमाल,
खाली दोन बोटं, मग मूठ.
भोवती शंभर माणसं, मध्ये बैल,
आणि आकडा फक्त दोन तळव्यांना ठाऊक.
"आपण रुमालाशिवाय बाजार मांडलाय, सर."
ते खिडकीतून
खालच्या झेरॉक्सवाल्याकडे बघत राहिले.
"किती दिवस?"
"चार."
"तीन घे."

पाच लागले.
किल्ल्यांची अदलाबदल, प्रमाणपत्रं,
लॉगमधून पिन खरवडून काढणं,
व्यवहार मध्येच तुटला तर
पैसे होते तिथे परत.
पुन्हा पाइपाला कान लावला:
नुसता कल्ला,
द्वारका चौकात संध्याकाळी सातला असतो तसा,
ज्यात कुणाचंच नाव ऐकू येत नाही.
सरांनी पेढे मागवले.

पण त्या रात्री
एक ओळ मी वाचली होती.
जेल रोडच्या आमच्या इमारतीतले,
दुसऱ्या मजल्यावरचे आव्हाड काका
तेवढ्या रात्री जागे राहून
आपलं स्टेटमेंट बघत होते.
दर महिन्याच्या तीन तारखेला अडीच हजार,
देवळालीतल्या एका बाईंच्या नावे.
शेरा: फी, वह्या.
काकांना मूलबाळ नाही,
असं आम्ही सगळे समजतो.

डेटाबेसला रोलबॅक असतो.
वाचलेल्याला नसतो.
कुठल्या किल्लीने बंद करू
ती देवळालीची ओळ?

आज दुधाच्या बूथवर काका भेटले.
"काय गं, काय म्हणतोय कॉम्प्युटर?"
"सगळं बंद केलंय काका,
आता कुणालाच काही दिसत नाही."
"हे बरं केलंस," म्हणाले,
आणि सुटे पैसे मोजून घेतले, दोनदा.

मला वाटलं, इथेच, बूथसमोर,
दोन्ही हात वर करून उभं राहावं.
हातात दुधाची पिशवी होती,
आणि झडती घ्यायला
कुणीच नव्हतं.