अक्षांश-रेखांशाचा रकाना

नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू झाला
की मी खिडकी लावून घेते.
कर्वेनगर, तिसरा मजला,
कानांवर हेडफोन, आणि समोर समुद्र:
म्हणजे हिराजी तांडेलांनी दोराला बांधून
अकरा वाव खोल सोडलेला माइक
आणि त्यात साठून आलेली एक अख्खी रात्र.

बहुतेक वेळ काही नसतं.
बारक्या कोळंब्यांची तडतड,
फोडणीत मोहरी पडावी तशी.
मग एखादा ट्रॉलर येतो, तासभर सगळं पुसून जातो.
वहीत लिहिते: इंजिन. इंजिन. पुन्हा इंजिन.

तीन वाजून बारा मिनिटांनी
कुणीतरी दार वाजवल्यासारखं.
थांबून, परत.
एक नाही, शेकडो.
मी उठून खिडकी तपासली. बंदच होती.

तांडेलांना फोनवर ऐकवलं.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाले, ताई, घोळ हाय ती.
विणीला जमलीय.
आमचा आजा वल्हं पाण्यात धरायचा,
दांडा कानाला,
होडीत कुणी खोकायचं नाय.
मी सोता कधी ऐकली नव्हती.

घोळीच्या पोटात हवेची पिशवी असते,
स्नायूंनी ती थरथरवून मासा बोलतो.
किनाऱ्यावर तिला बोत म्हणतात.
मासा एका भावाने जातो,
बोत सोन्यासारखं तोलून.

"जागा लिवणार काय तुमी?"
जागा त्यांना माहीतच होती,
दोर त्यांनीच तर सोडला होता.
धाकटीच्या नर्सिंगची फी थकली आहे
हे मला माहीत होतं.
एका फेरीत फिटली असती.
"नका लिवू," म्हणाले,
आणि रेंज गेली, किंवा त्यांनी फोन ठेवला.

अहवालाला तेरा रकाने.
खोली भरली. तापमान भरलं.
आवाज: घोळ, मोठा जमाव.
अक्षांश-रेखांशापाशी कर्सर लुकलुकत राहिला.
सोमवारी सर विचारतील,
रिकामे रकाने ठेवायला पगार देतो का आपण?
त्यावर काय बोलायचं, अजून सुचलेलं नाही.

हेडफोन काढला, खिडकी उघडली.
खाली अंधारात कुणी नवखा
एकच ठेका पुन्हा पुन्हा चुकत होता.
ताणलेलं पान, आत कोंडलेली हवा.
ऐकत बसले,
कुठून येतोय ते न बघता.